नदीपलीकडचा रडणारा माणूस

दर बुधवारी संध्याकाळी सहा वाजता स्केलबी टाऊन या फुटबॉल क्लबचे चाहते बस डेपोमागच्या त्यांच्या लांबट खोलीत जमत, ते नदीपलीकडच्यांना हसायला.

नदीपलीकडचे म्हणजे ऑरमथ. पण हे नाव त्या खोलीत कोणी घेत नसे. चुकून तोंडातून निघालंच, तर त्याने सगळ्या टेबलांना वेफर्स द्यायचे, असा दंडक होता. ऑरमथचा रंग लाल, म्हणून खोलीचा कारभारी डगी टोमॅटो सॉसची बाटलीसुद्धा बारच्या खाली लपवून ठेवी. ज्याला हवा त्याने वाकून, लाज वाटल्यासारखं करून घ्यायचा.

या ऑरमथवर एका बड्या कंपनीने सहा भागांची मालिका काढली होती. गेलं सबंध वर्ष कॅमेरे त्यांच्या मागे होते. क्लबला वाटलं होतं, आपला दिग्विजय जगाला दिसेल. झालं उलटंच. संघ धडाधड हरत गेला आणि वरच्या विभागातून गडगडत स्केलबीच्या विभागात येऊन पडला. वरात टिपायला आलेल्या कॅमेऱ्यांनी प्रेतयात्रा टिपून नेली. आणि आता ती, हप्त्याहप्त्याने, स्केलबीच्या खोलीत मोठ्या पडद्यावर लागत होती.

"ही मालिका नाही," डगी म्हणे, "ही नाताळची भेट आहे. सहा वेळा उघडायची."

एक खेळही ठरला होता. पडद्यावर कोणीही "हा क्लब म्हणजे एक कुटुंब आहे" म्हणालं, की सगळ्यांनी एक घोट घ्यायचा. पहिल्याच भागात ते वाक्य अकरा वेळा आलं. डगी दिवसभर बस चालवतो, पण त्या संध्याकाळी त्याला त्याच्या मुलीने, जनेलने, हाताला धरून घरी नेलं. दुसऱ्या हाताने ती बाबागाडी ढकलत होती.

लॉर्ना भिंतीकडेच्या टेबलाशी अर्धा ग्लास घेऊन बसे. ती सहासष्ट वर्षांची. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं बटाटे उकडून निवृत्त झालेली. नवऱ्याने फार पूर्वीच दुसरीकडे बिऱ्हाड केलं होतं आणि मुलगा ऑस्ट्रेलियात होता, रविवारी सकाळी फोन करायचा. मालिका तिला घरीही बघता आली असती. पण घरच्या टीव्हीपुढे आपण हसलो की आपलंच हसू खोलीभर फिरून परत आपल्याकडे येतं, आणि ते ऐकायला बरं नाही वाटत. म्हणून ती इथे यायची.

"मला खरं सांगू?" तिसऱ्या भागानंतर जनेल म्हणाली. बाळ तिच्या खांद्यावर निळी टोपी घालून झोपलं होतं. "ती त्यांच्या स्वयंपाकघरातली बाई आहे ना, जिला कामावरून काढलं, तिचं मला वाईट वाटलं. मी रडले."

खोलीत असा आरडाओरडा झाला की बाळ दचकून जागं झालं.

"माझी पोटची पोर!" डगीने कपाळावर हात मारला. "कोणाला सांगू नका रे."

"रडायचं काय त्यात? सगळं ठरवून केलेलं असतं," आर्थर म्हणाला. आर्थर खोलीतला सगळ्यात म्हातारा, त्याला प्रत्येक गोष्टीत कोणाचा तरी डाव दिसे. "मालकानेच पैसे देऊन काढून घेतलीय. लोकांना दया यावी म्हणून. हरण्याचंसुद्धा दुकान मांडलंय."

"मग आपल्यावर का नाही कोणी काढत?" जनेलने बाळाला थोपटत विचारलं.

प्रत्येकाच्या मनात हे कधी ना कधी येऊन गेलं होतं.

"आपल्यावर?" डगी म्हणाला. "दरवर्षी चौदावे नाहीतर पंधरावे. ना वर जात, ना खाली. कॅमेरावाला उभ्या उभ्या झोपेल, बाई."

सगळे हसले. लॉर्नाही हसली. आणि हसता हसता सवयीने उजवीकडे वळली. तिथे कोणी नव्हतं, नुसती भिंत होती.

*

उजवीकडे वळायची ही सवय एकोणीस वर्षांची.

स्केलबीच्या मैदानावर पी रांगेत एक्केचाळीस नंबरची खुर्ची लॉर्नाची आणि बेचाळीस नंबरची क्लिफची. वर्षाचं तिकीट काढलं की खुर्ची आपली, आणि शेजारी नशिबाने मिळेल तो. लॉर्नाला क्लिफ मिळाला. उंच, वाकलेला, गोदीत क्रेन चालवलेला माणूस. एक शनिवार सोडून एक शनिवार तो थर्मासमध्ये चहा आणायचा, मध्यंतरात खिशातल्या चाकूने 'मीट पाय', म्हणजे खिमा भरलेली खारी, कापायचा आणि मोठा अर्धा भाग तिच्या हातावर ठेवायचा. समुद्रावरून पूर्वेचा वारा सुटला की त्याच्या डाव्या डोळ्यातून घळाघळा पाणी येई. लॉर्ना कोटाच्या उजव्या खिशात टिश्यू ठेवू लागली, म्हणजे त्याच्या बाजूच्या खिशात. गोल झाला की दोघं एकमेकांना कडकडून मिठी मारत. नाही झाला, तर हाताला हातही लागत नसे. एका वाईट वर्षी असे तीन महिने कोरडे गेले होते.

बोलायचे ते खेळाबद्दल. रेफरीची अक्कल, गोलकीपरची कंबर. मे महिन्यात शेवटचा सामना संपला की क्लिफ टोपी हातात घेऊन म्हणायचा, "उन्हाळा नीट जाऊ दे, लॉर्ना." ती म्हणायची, "तुझाही, क्लिफ." आणि ऑगस्टमध्ये दोघं पुन्हा आपापल्या खुर्च्यांत. फोन नंबर घ्यायचं कधी सुचलंच नाही. सामन्यांचं वेळापत्रक छापून येत होतं, त्यात सगळ्या भेटी दिलेल्या होत्या.

यंदाच्या ऑगस्टमध्ये क्लिफ आला नाही. पहिल्या सामन्याला बेचाळीसमध्ये एक पोरगी सबंध वेळ फोनवर बोलत बसली. दुसऱ्याला कोणी पाहुणा. म्हणजे खुर्ची आता सुटी विकली जात होती. लॉर्ना तिकीटघराच्या खिडकीशी गेली.

"माझ्या शेजारच्या माणसाचं काय झालं, सांगाल का?"

"नाव काय त्यांचं?"

"क्लिफ."

"आडनाव?"

एकोणीस वर्षं! या माणसाला मीट पायमधल्या जेलीचा कुठला भाग आवडतो ते तिला ठाऊक होतं. त्याच्या गुडघ्याचा कुठला आवाज पावसाचा आणि कुठला थंडीचा, तेही. पण आडनाव नाही, पत्ता नाही, घरी कोण आहे ते नाही.

"माहीत असतं तरी सांगता आलं नसतं," खिडकीतली बाई समजुतीने म्हणाली. "नियम आहे."

त्यानंतर लॉर्नाने दर आठवड्याला स्थानिक वर्तमानपत्रातली निधनवार्तांची पानं वाचली. क्लिफ या नावाचे दोन गेले, पण एक बेकरीवाला होता आणि दुसरा चाळीस वर्षांचा. मेला नसावा. मग न सांगता गेला कुठे? मेलेल्या माणसाचं दुःख तरी करता येतं. न सांगता उठून गेलेल्याचं काय करायचं, तिला कळेना. आणि विचारायचं कोणाला? खुर्चीशेजारचा माणूस नाहीसा झाला, हे सांगितलं तर लोक म्हणणार, मग?

*

चौथा भाग म्हणजे ऑरमथ खाली गेले तो सामना. खोली तुडुंब भरली होती. डगीने खुर्च्या कमी पडल्या म्हणून डेपोतून दोन बाकं आणवली होती.

शिट्टी वाजली. खेळाडू गवतावर आडवे झाले. पडद्यावर संथ सूर लागला आणि कॅमेरा प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवरून हळूहळू फिरू लागला. एक बाई तोंड झाकून बसलेली. एक बाप पोरीला जवळ घेतलेला. मग एक म्हातारा. गळ्यात लाल मफलर, टोपी मांडीवर, समोर बघत बसलेला. डाव्या डोळ्यातून पाण्याची धार गालावरून हनुवटीपर्यंत. कॅमेरा तिथेच थांबला. सूर आणखी चढला. निवेदक खर्जात म्हणाला, "कुटुंबातलं कोणी गेलं, की असंच वाटतं."

"घोट!" कोणीतरी ओरडलं आणि खोली हसून हसून कोसळली.

"रड, आजोबा, रड!"

"अरे, मागे घे, मागे घे! पुन्हा दाखव!"

डगीने मागे घेतलं. धार पुन्हा वाहिली. तिसऱ्यांदा वाहिली. चौथ्यांदा डगीने नेमका तिथेच चेहरा थांबवला, चार हात रुंद, सगळ्या भिंतीभर.

लॉर्नाच्या हातातला ग्लास कलला आणि बिअर तिच्या मांडीवर सांडली. तिला ते कळलंही नाही.

तो क्लिफ होता.

"ऐका!" डगी बाकावर चढला. "अडीच आठवड्यांनी डर्बी, आपली नि त्यांची गाठ. सहा वर्षांनी! त्यांच्या मैदानावर. आपली दोनशे तिकिटं. माझ्या चुलतभावाचा छापखाना आहे. या बाबाचे दोनशे मुखवटे काढायचे. कार्डबोर्डचे, इलॅस्टिक लावून. दोनशे रडके म्हातारे एकदम उभे राहिले की कशी वाट लागते बघा त्यांची!"

टाळ्या, शिट्ट्या, टेबलांवर मुठी. लॉर्नाने तोंड उघडलं. पण काय म्हणणार? हा आपला आहे? त्याच्या गळ्यात तर त्यांचा मफलर होता. खोलीत त्याला लगेच दुसरं नाव मिळालं असतं, आणि ते रडक्याहून वाईट. आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. एकोणीस वर्षं तिने चहा कोणाचा प्यायला?

"लॉर्ना मावशी, बरं नाही का?" जनेलने विचारलं.

"बिअर सांडली गं," लॉर्ना म्हणाली आणि कोट घेऊन निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी तिने तो भाग एकटीने लावला. चेहरा थांबवला आणि टीव्हीजवळ स्टूल ओढून बसली. गाल आत गेले होते. मफलर नीट बांधलेला होता, तो कोणीतरी बांधल्यासारखा नाही, स्वतःच्या हाताने रोज बांधल्यासारखा. मागे एका खांबावर 'जी' अक्षर. पुढे चाकांसाठी केलेला उतार, म्हणजे ही अगदी खालची रांग, जिथे चाकांच्या खुर्च्या ठेवतात. आणि मग तिला आठवलं, हा सामना एप्रिलअखेरचा. त्याच्या पुढच्याच शनिवारी क्लिफ तिच्या शेजारी, पी रांगेत होता. अर्ध्या वेळानंतर तो म्हणाला होता, "लॉर्ना, पुढच्या वर्षी ना..." आणि तेवढ्यात स्केलबीने गोल मारला होता. ती उडी मारून उठली, त्याला मिठी मारली, किंचाळली. मग खाली बसल्यावर पुढच्या वर्षी काय, हे तिने विचारलंच नाही. त्यानेही पुन्हा काढलं नाही.

*

शनिवारी स्केलबीचा संघ दूर कुठेतरी खेळायला गेला होता. शेजारच्या दोन गावांचे क्लब एकाच शनिवारी आपापल्या घरच्या मैदानावर खेळत नाहीत. पोलीसच तसं होऊ देत नाहीत. एक शनिवार इकडे, एक शनिवार तिकडे. म्हणजे आज ऑरमथ घरी.

लॉर्नाकडे निळा नाही असा एकही कोट नव्हता. तिने जुन्या कपड्यांच्या दुकानातून एक राखाडी रेनकोट घेतला आणि पूल ओलांडणाऱ्या बसमध्ये बसली. पुलाच्या मध्यावर तिने मान खाली घातली, कोणी ओळखीचं बघत असल्यासारखी.

तिकिटाच्या खिडकीतल्या पोरीने पिनकोड विचारला. लॉर्नाने सांगितला.

"आजी," पोरगी भुवई उंचावून म्हणाली, "हा तिकडचा आहे."

"हो गं बाई. पण मी आज भांडायला आलेली नाही. 'जी' खांबाजवळचं दे."

पोरीने तिच्याकडे, तिच्या रेनकोटकडे पाहिलं, आणि दिलं.

क्लिफ तिथेच होता. त्याच उताराशी, खालच्या रांगेत, हातात काठी. मांडीवर थर्मास. लॉर्ना चार पावलांवर थांबली. त्याला लाल मफलरमध्ये, समोरासमोर, वारा नसताना बघायची तिला सवय नव्हती. तो सबंध माणूसच जरा अनोळखी वाटला.

"सुट्टीवर गेलास म्हणायचं," ती म्हणाली.

क्लिफने वर पाहिलं. आधी त्याचा चेहरा फुलला, मग पडला, मग त्याने आजूबाजूला पाहिलं. चोरी सापडलेल्या माणसासारखं.

"लॉर्ना! तू इथे? कोणी पाहिलं तर?"

"मला विचारतोस? तुला अख्ख्या देशाने पाहिलंय."

तो सरकला. शेजारची खुर्ची रिकामी होती. लॉर्ना बसली, त्याच्या डावीकडे. सामना सुरू झाला तरी दोघांनीही मैदानाकडे पाहिलं नाही.

"मी बसलोय ही विनीची जागा," क्लिफ म्हणाला. "माझी बायको. इथलीच, ऑरमथची. लग्न ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली, तिला तिच्या क्लबापासून तोडायचं नाही. मी म्हटलं, मलाही नाही. मग काय, एक शनिवार माझा, एक शनिवार तिचा. तिच्या शनिवारी मी तिला सोडायला यायचो. पुढे ती चाकाच्या खुर्चीत आली, तेव्हा ही जागा दिली त्यांनी. मी शेजारी बसायला लागलो. ती गेली त्याला अकरा वर्षं झाली."

"आणि तू येतच राहिलास."

"जागा सोडली असती तर दुसरं कोणी बसलं असतं तिथे."

"आणि मला कधी बोलला नाहीस. अकरा वर्षं."

"पी रांगेत बसून काय सांगू? की मी दर पंधरवड्याला त्यांच्या मैदानात जाऊन बसतो? डगीसारखे चार जण मागेच बसलेले असायचे. आणि तुलाही," तो अडखळला, "तुलाही आवडलं नसतं तर? एवढी चांगली शेजारीण घालवायची कशाला?"

लॉर्नाला एकदम काहीतरी उमगलं. "डर्बीच्या दिवशी तू कधीच यायचा नाहीस. छातीत दुखतं म्हणायचास."

"दोघींपैकी एकीला दुखवायचं कशाला? घरी बसून ओव्हन घासायचो. दर डर्बीला आमचा ओव्हन लख्ख."

ती हसली. मग तिने मुखवट्यांचं सांगितलं. क्लिफने सगळं नीट ऐकून घेतलं.

"फोटो बरा आलाय का?" त्याने विचारलं.

"गाल बसलेत. डोळा नेहमीसारखा गळतोय. मला तर ठाऊकच होतं, वारा असणार."

क्लिफ बराच वेळ थर्मासचं झाकण फिरवत राहिला. "अर्धा वारा होता," तो म्हणाला.

मग सांगितलं ते असं. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी त्याला कमरेचं सांगितलं. ऑपरेशन झालं तरी जिने चढायचे नाहीत. पी रांगेला सत्तावन्न पायऱ्या आहेत. इथे उतार आहे. त्या दिवशी ऑरमथ खाली जात होते आणि क्लिफ विनीच्या जागेवर बसून विचार करत होता, की पी रांगेतल्या बाईला हे सांगायचं कसं. पुढच्या शनिवारी सांगायला तोंड उघडलं आणि...

"गोल झाला," लॉर्ना म्हणाली.

"चांगला होता पण. डाव्या पायाचा."

"मी विचारायला हवं होतं."

"मी पुन्हा सांगायला हवं होतं. उन्हाळ्यात तुमच्या तिकीटघराला फोन केला. म्हटलं, एक्केचाळीसला निरोप द्या. म्हणाले, आडनाव काय?"

कोणीतरी गोल मारला, बाकीचे उठले, ती दोघं उठली नाहीत.

"आपल्या मैदानावरही खालच्या रांगा आहेत," लॉर्ना शेवटी म्हणाली. ऑगस्टपासून तिला जे मागायचं होतं ते हेच. "मी माझी जागा सोडते. आपण खाली दोन जागा मागू. शेजारी शेजारी."

क्लिफने मान हलवली. नाही म्हणून. "आता दोन्हीकडे जायचं बळ नाही उरलं. एकच घेता येतं. आणि ही सोडली तर..." त्याने हात विनीच्या जागेवरच्या खुर्चीच्या दांड्यावर ठेवला, जिच्यावर तो स्वतःच बसला होता.

लॉर्नाला राग आला असता तर बरं झालं असतं. पण बायकोची जागा राखणाऱ्या माणसावर रागवायचं कसं?

"आडनाव तरी सांग," ती म्हणाली.

"हाऊडन."

तिने ते मनात दोनदा म्हणून पाहिलं. क्लिफ हाऊडन. कोणी दुसराच वाटला.

*

बुधवारी डगीने मुखवट्याचा नमुना आणला होता. तो तोंडावर चढवून तो बारवर नाचत होता. क्लिफचा चेहरा आणि खाली डगीचं पोट.

"डगी, उतर," लॉर्ना म्हणाली. तिचा आवाज एवढा मोठा निघेल असं तिला वाटलं नव्हतं. "हा माणूस क्लिफ आहे. पी बेचाळीस. तुझ्या पुढच्या रांगेत एकोणीस वर्षं बसलाय. तू त्याच्या डोक्यावर दोनदा बिअर सांडलीयेस."

डगीने मुखवटा वर सरकवला. "थर्मासवाला?"

"तोच."

"आपला?"

"आपला. आणि त्यांचाही. त्याची बायको ऑरमथची होती." नाव निघालं. वेफर्सचं कोणाला सुचलं नाही.

"दोन्हीकडचा असा कोणी नसतो," आर्थर म्हणाला. "फितूर म्हणतात त्याला."

"बाबा, राहू दे ना मुखवटे," जनेल हळूच म्हणाली.

"दोनशे छापून झालेत, बाळा! आणि आता तर..." डगी लॉर्नाकडे बघून थांबला. तो वाईट माणूस नव्हता. पण खोलीभर माणसं त्याच्याकडे बघत होती आणि खोलीला हसायचं होतं. "अगं लॉर्ना, गंमत आहे. त्याला कळणारसुद्धा नाही."

लॉर्नाने पिशवीतून डर्बीचं तिकीट काढलं आणि बारवर ठेवलं. एकतीस वर्षांत तिने एकही डर्बी चुकवली नव्हती.

"पुढच्या बुधवारी येशील ना?" डगीने मागून विचारलं. "शेवटचा भाग आहे."

"बघते," ती म्हणाली. दार ओढलं जाईपर्यंत आत कोणी बोललं नाही, आणि ओढलं गेल्यावर लगेच सगळे एकदम बोलू लागले, हे तिला बाहेर ऐकू आलं. दर बुधवारची तिची जागा आता त्या आवाजाच्या बाहेर होती.

*

डर्बीच्या शनिवारी दुपारी ती क्लिफच्या स्वयंपाकघरात बसली होती. घर ऑरमथच्या मैदानामागच्या दुसऱ्याच गल्लीत. भिंतीवर विनीचा फोटो, लाल टोपीतला, हसरा. रेडिओची वायर काढून गुंडाळून ठेवलेली. ओव्हन आधीच घासून झाला होता, म्हणून दोघं बटाटे सोलत होती. एवढे बटाटे दोघांना आठवडाभर पुरले असते.

तीन वाजता आवाज उठला. मग खालीवर होत राहिला, लांब समुद्रासारखा. एकदा खिडकीच्या काचा थरथरल्या. क्लिफचा चाकू थांबला. पुढे केव्हातरी एका कोपऱ्यातून बारीक, तिखट गलका आला. दोनशे माणसांचा. लॉर्नाच्या पायाची बोटं चपलेत आखडली.

पाच वाजता पोलीस स्केलबीच्या लोकांना स्टेशनकडे नेऊ लागले. ते या गल्लीतूनच जाणार होते. दोघं पडद्याआड उभी राहिली. पोलिसांचे घोडे गेले आणि त्यांच्यामागून क्लिफ आला. क्लिफमागून क्लिफ, तिघं तिघं, चौघं चौघं, इलॅस्टिक कानामागे, प्रत्येकाच्या डाव्या गालावर तीच धार. कोण जिंकलं ते त्या चेहऱ्यांवरून काही कळायला मार्ग नव्हता. एक जण खिडकीकडे बघून थबकला, शेजारच्याला कोपर मारलं, पण मागून पोलिसाने त्याला पुढे लोटलं.

"अरे देवा," क्लिफ म्हणाला. "किती म्हातारा झालोय मी."

गल्ली रिकामी झाली. लॉर्नाने राखाडी कोट चढवला. क्लिफ दारापर्यंत आला. दाराशेजारी ऑरमथ क्लबाचं कॅलेंडर टांगलेलं होतं, घरच्या सामन्यांच्या शनिवारांभोवती वर्तुळं काढलेली. त्याने काठीच्या टोकाने पान उचललं.

"माझे शनिवार हे, तुझे मधले. दोघांचा मोकळा असा एकच सापडतो. पुढची डर्बी फेब्रुवारीत." तो टोपीसाठी डोक्याकडे हात नेऊ लागला. "तर मग, लॉर्ना, हिवाळा नीट..."

"मंगळवारी काय करतोस?" ती म्हणाली.

क्लिफने कॅलेंडरकडे पाहिलं. मंगळवारांची रांग वरपासून खालपर्यंत कोरी होती. तो ती जणू पहिल्यांदाच बघत होता.

"मंगळवारी? काही नसतं."

"मग मंगळवारी येते."

त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसली, खरीखुरी.

"पण लॉर्ना," तो म्हणाला, "सामना नसताना आपण बोलणार काय?"

लॉर्ना उंबऱ्यावर थांबली. तिने विचार करून पाहिला. तिला काहीच सुचलं नाही.

"बघू," ती म्हणाली, आणि बस गाठायला निघाली.